एकोणीसचा पाढा आणि पाच किलोमीटर

गटाबरोबर पहिल्यांदा पाच किलोमीटर धावले त्या रविवारी मी पोहोचेपर्यंत शेवटच्या रेषेचा चुना इतरांच्या पायांनी पुसला गेला होता, केळ्यांची बुट्टी रिकामी झाली होती आणि वेळ टिपून घेणारे दोघे तरुण वही मिटून स्कूटरला किक मारण्याच्या बेतात होते. त्यांपैकी एकाने मला पाहून वही पुन्हा उघडली, मोबाईलकडे नजर टाकली आणि ‘४७ मिनिटं २० सेकंद, काकी’ असे सांगितले. त्याच्या आवाजात कुचेष्टा मुळीच नव्हती. तरीही घरी परतताना सबंध रस्ताभर मला वाटत राहिले की, मिटलेली वही माझ्यासाठी उघडावी लागली हीच मोठी नामुष्की झाली. यजमानांनी दार उघडताच ‘कितवा नंबर?’ असे विचारले, त्यावर ‘मोजला नाही’ एवढेच सांगून मी आंघोळीला निघून गेले. मोजण्याची गरजही नव्हती, कारण माझ्या मागे कोणीच नव्हते.

माझे वय ४६. बेळगावच्या शहापूर भागातील एका सहकारी पतसंस्थेत मी रोखपाल आहे, म्हणजे दिवसाचे आठ तास खुर्चीवर बसून दुसऱ्यांचे पैसे मोजत असते. धावण्याच्या वाटेला लागले त्यामागे काही उदात्त हेतू नव्हता. जिना चढताना लागणारी धाप आणि टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत फिरायला जाणाऱ्या शेजारच्या वहिनींचा आग्रह, एवढीच कारणे होती. देवीची लस जेथे तयार होत असे त्या संस्थेवरून हे नाव पडलेले झाडीचे आवार आज बेळगावकरांना लसीपेक्षा सकाळच्या फिरण्यासाठीच अधिक ठाऊक आहे. तेथेच हा रविवारचा गट भेटला. गटाला नाव नाही, नोंदणी नाही आणि पदाधिकारी तर मुळीच नाहीत, ही गोष्ट आमच्या गावात दुर्मीळच म्हणायची. पंचवीस-तीस माणसे येतात, मराठी आणि कन्नड जशी तोंडात येईल तशी बोलतात, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी ‘रेस’ लावतात. प्रत्येकी तीस रुपये जमा होतात, त्यांतून केळी आणि चहा येतो. बक्षीस कोणालाच नसते.

रेसचा मार्ग डेपोतून बाहेर पडून काँग्रेस रस्त्याने पहिल्या रेल्वे गेटाकडे जातो आणि तसाच परत येतो. ज्या एकाच काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद गांधीजींनी भूषवले ते १९२४ च्या डिसेंबरात येथे भरले होते, त्यावरून या रस्त्याला हे नाव मिळाले. साठी गाठलेल्या गांधीजींनी पुढे १९३० साली दांडीपर्यंतचे सुमारे ३८५ किलोमीटरचे अंतर २४ दिवसांत चालून पार केले, हे लक्षात घेता या रस्त्यावर दम लागून कमरेवर हात ठेवून उभे राहण्याची मला विशेष लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही.

त्या रात्री मोबाईलमधील नोंद उघडून पाहिली तेव्हा लाजेच्या जागी कुतूहल आले. पहिला किलोमीटर मी ६ मिनिटे ४० सेकंदांत धावले होते. दुसऱ्याला ९:१० लागली, तिसऱ्याला १०:३०, चौथ्याला १०:५० आणि शेवटच्याला १०:१०. रोज संध्याकाळी रोकड जुळवणाऱ्या माणसाला असा हिशेब दिसला की तो लगेच म्हणतो, गडबड पहिल्याच नोंदीत आहे. एकटी असताना डेपोत मी कधीही नऊ मिनिटांच्या आत किलोमीटर धावले नव्हते. मग त्या दिवशी पहिला किलोमीटर पावणेसात मिनिटांच्या आत कसा गेला? मी धावलेच नव्हते, पुढच्या पंचवीस पाठींनी मला ओढत नेले होते. धारवाडला मानसशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीने फोनवर सांगितले की, या ओढीचा अभ्यास फार जुना आहे. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी अभ्यासकाने १८९८ सालीच सायकलस्वारांच्या नोंदी तपासून, एकट्याने सायकल मारणाऱ्यापेक्षा इतरांच्या सोबतीने मारणारा अधिक वेगाने जातो असे दाखवले होते. सव्वाशे वर्षांपूर्वी सायकलस्वारांच्या बाबतीत जे कळले होते, ते मला काँग्रेस रस्त्यावर कळले.

सुरुवातीच्या या ओढीची किंमत शरीर कशी वसूल करते, हे समजून घेतल्यावर माझी अर्धी भीती गेली. आपण धावू लागताच स्नायूंची प्राणवायूची मागणी एकदम वाढते, परंतु हृदय आणि फुप्फुसे त्या मागणीला पुरी पडायला दोन-तीन मिनिटे घेतात. मधल्या वेळात स्नायू प्राणवायूविना, साठवणीतल्या इंधनावर काम भागवतात. ही सरळसरळ उधारी असते. वेग बेताचा असेल तर उधारी लहान राहते आणि श्वास हळूहळू लयीत येतो. वेग आवाक्याबाहेरचा असेल तर उधारी वाढतच जाते आणि दुसऱ्या किलोमीटरला पाय जड होऊन ती फेडून घेतात. नवशिक्या माणसाला हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतील धाप म्हणजे आपल्या अंगात धावणेच नाही याचा पुरावा, असे त्याला वाटते. मलाही तसेच वाटले होते. आता रेसपूर्वी दहा मिनिटे मी भराभर चालून घेते, त्यामुळे त्या पहिल्या उधारीचा चटका बराच कमी होतो.

आपला वेग आवाक्यातला आहे की नाही हे ओळखण्याची सर्वांत सोपी कसोटी बोलण्याची आहे: धावताना पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले तर वेग योग्य, आणि शब्द सुटे सुटे पडू लागले तर जास्त. एकटीने बोलायचे काय, हा प्रश्न होता; तो मी पाढ्यांनी सोडवला. आमच्या पिढीला शाळेत पाढे घोकून घेतलेले असल्यामुळे ते आठवावे लागत नाहीत, तोंडातून आपोआप येतात. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न, एकोणीस चोक शहात्तर, एकोणीस पाचे पंच्याण्णव. पंच्याण्णवापर्यंत मध्ये एखादाच सहज श्वास घेऊन पोहोचता आले तर मी बरोबर धावत आहे. सत्तावन्नालाच अडखळले तर वेग कमी करायचा. घड्याळ न बघता धावण्याची ही पद्धत हास्यास्पद आहे हे मला मान्य आहे, आणि सकाळी फिरायला आलेल्या एका आजोबांनी वहिनींना ‘त्या बाईंचं काही बरं-वाईट चाललंय काय वो?’ असे काळजीने विचारलेही होते. पण घड्याळ आपण किती वेगाने धावतो एवढेच सांगते. तो वेग परवडणारा आहे की नाही हे पाढाच सांगतो.

दुसऱ्या रेसला मी मुद्दाम सर्वांत मागे उभी राहिले आणि तेथे अक्का भेटल्या. पहिल्या वेळी त्या गोकाकला गेल्या होत्या, म्हणून मला त्यांची माहिती नव्हती. अक्का बैलहोंगलकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मराठी त्यांना पूर्ण समजते, पण बोलायची वेळ आली की त्या कन्नडमध्येच बोलतात, आणि मी कामापुरत्या कन्नडमध्ये उत्तर देते. चार मिनिटे धावायचे आणि एक मिनिट चालायचे असा त्यांचा नेम आहे, व तो त्या पहिल्या चार मिनिटांपासून पाळतात. दमल्यावर चालण्यात हार असते, दमण्याआधी चालण्यात बेत असतो, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य होते. पुढे मी वाचले की, १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकी धावपटू जेफ गॅलोवे यांनी नवशिक्यांना नेमके हेच शिकवून लाखो लोकांना धावते केले. अक्कांनी गॅलोवे यांचे नावही ऐकलेले नाही.

मी थोडी पुढे सरकू लागले की अक्का मागून ‘निधान, निधान’ म्हणत. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. मराठीत मात्र निधान म्हणजे ठेवा, साठा. एकच संस्कृत शब्द दोन शेजारणींकडे जाऊन दोन वेगळ्या संसारात रमला आहे, आणि सीमाभागात राहणाऱ्या माणसाच्या कानात दोन्ही अर्थ एकदमच वाजतात. त्या दिवशी मला तो शब्द मराठीतच ऐकू आला: जपून ठेव, पुढे लागणार आहे.

अक्का सर्वांच्या मागे असतात त्या हळू आहेत म्हणून नव्हे, हे मला तिसऱ्या महिन्यात उमगले. एका रविवारी सुभेदारसाहेबांशी त्यांची पैज लागली आणि त्या त्यांच्याही पुढे येऊन बसल्या. (सुभेदारसाहेब म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले आमच्या गटातील ज्येष्ठ, त्यांनी तो पराभव उन्हावर ढकलला, वास्तविक तेव्हा सूर्य उगवलाही नव्हता.) अक्का मागे राहतात, कारण मग दुसरा कोणी शेवटचा ठरत नाही. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावकांनिशी सुरू झालेल्या आणि आता अनेक देशांत दर आठवड्याला विनामूल्य भरणाऱ्या पार्करन या पाच किलोमीटरच्या उपक्रमात तर ही रीतच आहे. तेथे एक स्वयंसेवक ठरवून सर्वांत शेवटी चालतो, म्हणजे नवख्या माणसाला आपण शेवटचे येऊ ही धास्ती राहत नाही. बक्षिसे आणि टी-शर्ट यांवर खर्च करणाऱ्या प्रत्येक संयोजकाने आधी असा एक माणूस नेमावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

धास्ती काही एकट्या वेगाचीच नव्हती. पंजाबी ड्रेस सोडून ट्रॅक पँट घालून अनगोळच्या गल्लीतून पहाटे साडेपाचला बाहेर पडताना ‘काय वो काकी, कुठं पळूलालाय?’ या प्रश्नाला तोंड देणे पाच किलोमीटरपेक्षा अवघड होते. आठवडाभर उत्तर दिल्यावर तो प्रश्न थांबला आणि दोन महिन्यांनी विचारणारीचीच सून माझ्याबरोबर येऊ लागली. कुत्र्यांच्या बाबतीत अनुभव असा की, ती अंगावर आल्यास धावणे थांबवून शांतपणे चालू लागावे, म्हणजे त्यांचाही उत्साह मावळतो. बुटांचे माप नेहमीपेक्षा अर्ध्या नंबराने मोठे घ्यावे, कारण धावताना पाय फुगतात. स्त्रियांसाठी छातीला नीट आधार देणारे कपडे बुटांइतकेच महत्त्वाचे आहेत, आणि हे दुकानात मागण्याचा संकोच टाकायलाच हवा. सर्वांत मोठी अडचण मात्र अशी आहे की तिच्याविषयी कोणी बोलत नाही: पहाटेच्या वेळी स्त्रियांसाठी उघडे स्वच्छतागृह नसते. शेजारच्या जिल्ह्यातील एका मोठ्या शर्यतीत शेकडो बायांसाठी दोन फिरती स्वच्छतागृहे उभी केली होती आणि त्यांतील एकाला कडी नव्हती. अशा ठिकाणी पाणी न पिता धावणाऱ्या बायकांना आत्मविश्वासाचे धडे देण्यात काय अर्थ आहे?

पावसाळ्यात गट विस्कळीत होतो. घाटमाथ्यापासून जवळ आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे बेळगावचा पाऊस लागला की आठवडा आठवडा उघडत नाही, फरशांवर शेवाळ धरते आणि तांबडा चिखल बुटांना चिकटून येतो. जून ते ऑगस्ट मी वेगाचा विचार सोडून दिला आणि पाऊस थांबेल तेव्हा, मिळेल तेवढे धावत राहिले. पाढे मात्र सोडले नाहीत. या तीन महिन्यांत कोणी पाहणारे नव्हते, वही नव्हती आणि वेळही नव्हती. आज मागे वळून पाहताना वाटते, माझे खरे धावणे त्या ओल्या सकाळींमध्येच घडले.

सप्टेंबरच्या रेसला आकडे असे आले: ८:४०, ८:३५, ८:३५, ८:३०, ८:१०, एकूण ४२ मिनिटे ३० सेकंद. जवळपास पाच मिनिटे वाचली ही गोष्ट यजमानांना आवडली. मला त्याहून वेगळे काहीतरी आवडले. आदल्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर ‘४३ मिनिटे, सगळे किलोमीटर जवळपास सारखे’ असे लिहून ठेवले होते, आणि फरक निघाला फक्त अर्ध्या मिनिटाचा. बावीस वर्षे रोखपाल म्हणून बसल्यावर एक गोष्ट अंगात भिनली आहे. गल्ल्यात रक्कम मोठी आहे की लहान याने रोखपालाची झोप उडत नाही; ती उडते वहीतील आकडा आणि गल्ल्यातील रोकड यांचा मेळ बसला नाही तर. पहिल्या रेसच्या दिवशी माझे खरे दुःख ४७ मिनिटांचे नव्हतेच. माझे शरीर पुढच्या पाच मिनिटांत काय करील याचा मला काडीचाही अंदाज नव्हता, आणि अनोळखी माणसावर विश्वास ठेवता येत नाही तसा अनोळखी शरीरावरही ठेवता येत नाही. आता तिसऱ्या किलोमीटरला डाव्या पोटरीत कळ येते, ती चौथ्याला जाते, हे मला ठाऊक आहे. ती आली की आता मी घाबरत नाही. वेळेवर येणाऱ्या पाहुण्याकडे पाहावे तशी तिच्याकडे पाहते.

हे भाचीला सांगितले तेव्हा तिने अल्बर्ट बँड्युरा यांचे नाव घेतले. त्यांनी १९७७ साली मांडलेल्या विचारानुसार ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो: ते काम स्वतः पार पाडल्याने, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहिल्याने, इतरांच्या सांगण्याने आणि आपल्या शरीराच्या खुणांचा आपण जो अर्थ लावतो त्याने, यांत पहिली वाट सर्वांत भक्कम. मला या यादीत अक्का दिसल्या, पोटरीची कळ दिसली आणि पावसाळ्यातल्या सकाळीही दिसल्या. तिसऱ्या वाटेबद्दल मात्र माझी तक्रार आहे. रस्त्याच्या कडेला उभे राहून ‘आलंच की आता, थोडंच राहिलंय!’ असे ओरडणारे हितचिंतक अंदाजाचा पार चुथडा करतात. दीड किलोमीटर शिल्लक असताना ‘थोडंच’ ऐकून मी एकदा जोर लावला आणि पुढची पाच मिनिटे चालत काढली. सुभेदारसाहेब गुडघा दुखत असेल त्या दिवशी वळणावर उभे राहतात आणि केवळ ‘अकराशे मीटर, पुढे सपाट’ एवढेच सांगतात. शाबासकीपेक्षा त्या दोन शब्दांनी मला अधिक बळ दिले आहे.

हा विश्वास एका जागेवरून उचलून दुसरीकडे जसाच्या तसा नेता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. डिसेंबरात मी धीर करून परगावच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातले. छातीवर बिब म्हणजे क्रमांकाचा कागद, बुटाला वेळ मोजणारी चिप, कानठळ्या बसवणारे संगीत आणि हजारो माणसे. पहिल्या दोनशे मीटरांत पुन्हा तीच ओढ जाणवली आणि पाढा पूर्ण विसरला गेला. एकोणीस त्रिक किती, हे मला खरोखर आठवेना. तेव्हा कडेला जाऊन मी एक मिनिट चालले, सत्तावन्न आठवले आणि मग पुन्हा धावू लागले. चिपमुळे एक सोय होते: बंदूक सुटल्यापासूनचा वेळ आणि आपण प्रत्यक्ष आरंभरेषा ओलांडल्यापासूनचा वेळ असे दोन वेगळे आकडे मिळतात, त्यामुळे मागे उभे राहण्यात काहीच तोटा नसतो. वहीत ९० मिनिटे लिहिली होती, लागली ९४. हा फरक मला अजून जुळवायचा आहे, आणि येळ्ळूरच्या बाजूला राजहंसगडाच्या चढावर सराव केल्याशिवाय तो जुळेल असे वाटत नाही.

गेल्या रविवारी अक्का लेकीकडे हुबळीला गेल्या होत्या, म्हणून सर्वांच्या मागे मी उभी राहिले. माझ्या शेजारी तिशीतील एक मुलगी आली, नवे कोरे बूट, सारखी मोबाईलकडे पाहणारी. ‘मी लई हळू पळते वो काकी, तुम्ही थांबू नका माझ्यासाठी,’ असे ती दोनदा म्हणाली. पुढची मंडळी सुटली, तिनेही पाऊल उचलले, आणि माझ्या तोंडून आपोआप ‘निधान’ निघाले. डेपोच्या फाटकापर्यंत गेल्यावर मी तिला एकोणीसचा पाढा येतो का असे विचारले. तिने धावता धावताच माझ्याकडे चमकून पाहिले आणि बारापर्यंतच येतात, तेही इंग्रजीत, असे सांगितले. मग आम्ही बारापासूनच सुरुवात केली. चौथ्या किलोमीटरला ती तेराच्या पाढ्यात ‘तेरा सत्ते’ला अडली, दमामुळे की पाढ्यामुळे हे ठरवता येईना, म्हणून दोघी एक मिनिट चाललो.